खंदकावरील उडी

सोंगट्या किंवा बुद्धिबळाची प्यादी पटावर सरकतात, तेव्हा त्यांच्या चालीविषयी सहसा वाद होत नाही. घरे मोजली की प्रश्न मिटतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याची तऱ्हा निराळी आहे. यात प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक अशी एखादी भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आणि खेळाडूंच्या उत्तरांनी कथा पुढे सरकते. जेथे यश अनिश्चित, तेथे वीस पैलूंचा फासा टाकतात. अशा कथेत योद्धा खंदकाशी येऊन ठेपला, की नियमांचा अर्थ लावण्याची वेळ येते.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियम वरवर पाहता सोपा आहे. उडीपूर्वी लगतच १० फूट चालून किंवा धावून आल्यास योद्ध्याच्या बळाचा अंक जितका, तितके फूट अंतर त्याला ओलांडता येते. जागच्या जागी उडी घेतल्यास त्याच्या निम्मे. शिवाय उडीचा प्रत्येक फूट त्याच्या चालीतून वजा होतो. समजा, योद्ध्याचे बळ १६ आणि एका खेळीतील चाल ३० फूट आहे. १० फूट धाव व १६ फूट उडी मिळून २६ फूट होतात. परंतु काठाशी येईपर्यंतच तो १८ फूट चालला असेल, तर उरतात १२ फूट. पायांत बळ असूनही पुढचे ४ फूट त्याच्या हाती नसतात. मग तो अधांतरी लोंबकळणार काय, असे कोणी गमतीने विचारील. तशी पाळी येत नाही. त्या खेळीत शस्त्र न चालवता केवळ धावण्याचे ठरवल्यास त्याला आणखी ३० फूट मिळतात.

खरा पेच खंदक १८ फुटांचा असेल तेव्हा पडतो. उडी बळाच्या अंकाइतकी, असे एके ठिकाणी म्हटले आहे; त्याच पुस्तकात अन्यत्र, असाधारण लांब उडीसाठी अंगकसरतीची कसोटी घ्यावी, असेही आहे. ही वाक्ये परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पहिले वाक्य हमी देते, दुसरे साहसाला वाव देते. म्हणून १२ फुटांच्या उडीसाठीही फासा टाकावयास लावणारा सूत्रधार खेळाडूच्या हक्काची वस्तू काढून घेतो. आणि १८ फुटांना सरसकट नकार देणारा, पुस्तकाने उघडे ठेवलेले दार लावून टाकतो.

त्या जादा २ फुटांसाठी किती अंक हवा, हे मात्र पुस्तक सांगत नाही. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, कठीण कामाला २० एवढेच सर्वसाधारण माप दिलेले आहे. निवड सूत्रधाराने करावयाची. ती त्याने उडीपूर्वीच बोलून दाखवावी, हे न्याय्य होय. कारण पडल्यास दर १० फुटांच्या खोलीमागे सहा पैलूंच्या एका फाशाइतकी इजा होते, आणि महिनोन्महिने जोपासलेली भूमिका खंदकाच्या तळाशी संपू शकते. १५ हा अंक ऐकून एखादा झेप घेईल. २० ऐकला, तर तोच खेळाडू पडशीतला दोर बाहेर काढील.