‘माझी पुस्तक’ का चुकते?

बी.एड. करणाऱ्या मुलीच्या घरात एक शब्द सारखा कानावर येतो: कृतिसंशोधन. घरच्यांना वाटते, आणखी एक फाईल. खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी ती फाईलच असते. मागच्या वर्षीच्या मैत्रिणीची आणायची, नाव बदलायचे, बाइंडिंग करून द्यायची. आमचीही तशीच झाली असती.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतला सराव लांबला. म्हणून आम्हा तिघींना उर्दू माध्यमाच्या एका शाळेत मराठी शिकवायला पुरेसे आठवडे मिळाले. मुले लिहीत, ‘माझी पुस्तक’, ‘घर मोठा आहे’, ‘दूध सांडला’. आम्ही लाल पेनाने गोल करत राहिलो. विषय सहज ठरला: लिंगाच्या चुका कमी करणे.

मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली. मुलांच्या वह्या तपासाल तशी स्वतःचीही एक वही ठेवा. तासाला आपण काय बोललो, ते त्याच दिवशी लिहा. आठवड्याने ती वाचली आणि लाज वाटली. ‘चूक’, ‘परत लिही’, ‘किती वेळा सांगायचे?’ यापलीकडे फारसे काही नव्हतेच. तुला असे का वाटले, हे एकदाही विचारले नव्हते.

विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, “टीचर, किताब तो मेरी होती है ना!”

उर्दूत लिंगे दोनच. किताब स्त्रीलिंगी, घर आणि दूध पुल्लिंगी, नपुंसकलिंग नाहीच. पोर घरची भाषा नेटकेपणाने मराठीला लावत होती. आमच्याही घरी हीच बोली, शाळेत आम्हीही असेच चुकलेलो. विसरलो कसे?

मग फळ्याचे दोन भाग केले. ‘मेरा घर’समोर ‘माझे घर’, ‘मेरी किताब’समोर ‘माझे पुस्तक’. जोड्या मुलेच सांगू लागली. चुका संपल्या नाहीत. ‘दूध’ तर शेवटपर्यंत अडले. अहवालात सुधारणेचा तक्ता दिला खरा, पण एका वर्गाच्या तक्त्याने फारसे सिद्ध होत नाही. शिक्षकाने आपलाच वर्ग अभ्यासावा, असे अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये पुस्तक लिहून मांडले होते. आम्हाला ते परीक्षेपुरते पाठ होते. कळले त्या वहीमुळे.

आता नोकरीत रोज वही लिहिणे होत नाही. पोर्शन, जनगणना, घरची चूल. पण लाल पेन उचलताना हात थबकतो. परवा एकाने ‘माझी पत्र’ लिहिले. उर्दूत खत तर पुल्लिंगी. त्याच्या मनात चिठ्ठी होती का, ते उद्या विचारायचे आहे.