रेषेची ओळख

रेखाटन शिकू लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले, की हाताआधी डोळा तयार व्हावा लागतो. किमॉन निकोलायडिस या अमेरिकन कलाशिक्षकाच्या निधनानंतर १९४१ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातले दोन अभ्यास नवशिक्याला फार उपयोगी पडतात.

पहिल्यात कागदाकडे न पाहता, पेन्सिलीचे टोक वस्तूलाच टेकले आहे असे मानून, नजर व हात एकाच संथ गतीने कडेवरून न्यायचे. दुसऱ्यात मिनिटभरात माणसाची हालचाल तेवढी टिपायची. पहिल्याने रेषा सावध होते, दुसऱ्याने धीट. मग दाब सांभाळावा. भार पडतो तेथे रेषा जाड, उजेडाकडे बारीक. खोडरबर दूरच बरे; चाचपडलेल्या रेषेतही शोध दिसतो.

भाकरी थापणारी आई मी दुसऱ्या रीतीने काढली आणि दुपारी विसावलेला तिचा हात पहिल्या रीतीने. तेव्हा मनगटावरची भाजल्याची जुनी खूण मला प्रथमच दिसली. तो हात तर रोज मला वाढत होता!

मित्रहो, वही-पेन्सिल घ्या आणि घरातल्याच कुणाचा तरी हात काढून पाहा.