सर्व्हरच्या पोटात (लेखांक ९) : दोघांचे अर्ज, एकाच फळ्यावर

जुलै संपत आला की सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात सेवा केंद्रासमोर सोयाबीनवाल्यांची रांग लागते. २०२३च्या खरिपात पीकविमा एक रुपयात झाला, राज्यभरातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. विम्याचं संकेतस्थळ आतून कसं बांधलंय, हा आपला विषय नाही. पण अशी गर्दी झेलणारं काम उद्या तुमच्याकडे आलं आणि ते जावात करायचं ठरलं, तर पहिली चूक कुठे होईल ते आज पाहू.

ब्राउझरची विनंती टॉमकॅट योग्य सर्व्हलेटपर्यंत कशी पोचवतो, ते गेल्या आठवड्यात बघितलं. एक गोष्ट तेव्हा मुद्दाम मागे ठेवली होती. टॉमकॅट सर्व्हलेटचं ऑब्जेक्ट एकदाच बनवतो. हजार विनंत्या आल्या तरी ऑब्जेक्ट तेच. प्रत्येक विनंतीला थ्रेड मात्र वेगळा मिळतो आणि हे सगळे थ्रेड त्याच एका ऑब्जेक्टमधून धावतात.

नवशिका प्रोग्रामर शेतकऱ्याचं नाव क्लासमध्ये फील्ड म्हणून ठेवतो. चार मेथडना ते लागतं आणि दर वेळी पॅरामीटर पाठवायचा कंटाळा येतो, एवढंच कारण. साखऱ्याचा अर्ज आला, नाव फील्डमध्ये बसलं, थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबला. तेवढ्या काही मिलिसेकंदांत त्याच तालुक्यातल्या गोरेगावचा अर्ज आला आणि त्याच फील्डवर दुसरं नाव लिहून गेला. पहिला थ्रेड पुढे सरकतो आणि पावती छापतो : शेत साखऱ्यातलं, नाव गोरेगावच्या माणसाचं! फील्ड म्हणजे चावडीवरचा फळा. कुणीही पुसावं, कुणीही लिहावं. एरर येत नाही, लॉगही स्वच्छ. आपल्या लॅपटॉपवर एकटेच तपासत बसलात तर हा दोष जन्मात सापडायचा नाही.

उपाय साधा आहे. विनंतीपुरती माहिती मेथडच्या आत, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा. ते प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर राहतं. सगळी मेथडच सिंक्रोनाइज्ड केली तर पावत्या बरोबर निघतील, पण एकामागून एक, आणि रांग तालुक्यापर्यंत जाईल. पूर्वी यासाठी सिंगलथ्रेडमॉडेल नावाची सोय होती. स्टॅटिक फील्ड आणि सेशन तिच्यातही सामाईकच राहायचे, म्हणून सर्व्हलेट २.४मध्ये ती कालबाह्य ठरवली. ‘आम्ही स्प्रिंग वापरतो’ म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. तिथले कंट्रोलर आणि सर्व्हिसही, वेगळं सांगितलं नाही तर, एकेकच असतात. सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक ठेवणारे तर अजून भेटतात. दोन थ्रेडनी ते एकदम वापरलं की पेरणीची तारीख भलतीच निघते. जावा ८पासून डेटटाइमफॉरमॅटर आहे, तो वापरा.

राहिली गोष्ट गर्दीत ऐकू येणाऱ्या ‘सर्व्हर डाऊन’ची. टॉमकॅट मुळात २०० थ्रेड देतो, तर हिकारीसारखा कनेक्शन पूल डेटाबेसची १० कनेक्शन. सगळ्यांनाच डेटाबेस हवा असेल तर १९० थ्रेड ताटकळतात आणि ३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही तर अपवाद फेकला जातो. त्यात कुणी घेतलेलं कनेक्शन परत केलं नाही, तर दहा गळत्यांत सगळं ठप्प. मशीन त्या वेळी निवांत असतं, सीपीयू रिकामा. अशा वेळी सर्व्हर वाढवून मागणं म्हणजे पैसे वाया. जावा ७पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. त्यात उघडलेलं कनेक्शन मधेच चूक झाली तरी आपोआप परत जातं.

पुढच्या आठवड्यात सेशन घेऊ. तोवर आपल्या प्रकल्पातले सर्व्हलेट आणि कंट्रोलर उघडा, बदलणारं एकेक फील्ड शोधा आणि तिथून काढा.