घरातली हवा : चूल, कापूस आणि कुलर

नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यातल्या खेड्यांत घराची हवा सर्वांत जास्त बिघडवते ती चूल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, सिलिंडर खेडोपाडी पोचला, तरी चूल विझली नाही. कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाली की शेतातली पऱ्हाटी उपटून घराशेजारी रचली जाते. जोडीला तुराटी, गोवऱ्या आणि संत्र्याच्या बागेतल्या वाळक्या फांद्या असतातच. हे सरपण घरचे, सिलिंडर मात्र विकतचा. म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी, भाकरी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. ती समजून घेतल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला घरात टिकणार नाही.

सरपण ओले असेल तर आतले पाणी आटवण्यातच जाळाची उष्णता खर्च होते. जाळ मंदावतो आणि अर्धवट जळालेले वायू काजळीसह धूर होऊन बाहेर पडतात. त्यातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरीची मर्यादा सुचवली. भारताचे मानक ४० आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटली की प्रमाण शेकड्यांत जाते. स्वयंपाकाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे. हा धूर सर्वाधिक झेलते ती फुकणी घेऊन बसलेली बाई आणि तिच्याजवळचे लहान मूल.

जुन्या कवेलूच्या घरात धूर फटींतून वर निघून जाई. स्लॅब टाकला आणि ती वाट बुजली. घर पक्के करताना धुरासाठी नवी वाट ठेवायला हवी होती, ती बहुधा राहून गेली. चूल अंगणात किंवा उघड्या छपरीत नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ती आतच ठेवायची तर धुराडे छताच्या वर निघाले पाहिजे आणि त्यातली काजळी वेळोवेळी काढली पाहिजे. तुंबलेले धुराडे असून नसल्यासारखेच. पऱ्हाटी पावसाआधी आडोशाला रचली की निम्मे काम झाले. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने कमी धुराची 'नीरधूर' ही सुधारित चूल विकसित केली आहे.

हिवाळ्यात दुसराच पाहुणा घरात येतो. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस खोल्यांत भरून ठेवला जातो. त्याचे तंतू आणि धूळ हवेत तरंगतात, अंगाला खाज सुटते, लेकरांना शिंका येतात. कापूस निजण्याच्या खोलीत नको. फवारणीची औषधे आणि धान्यात टाकायच्या गोळ्याही राहत्या घरात नकोत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे तितकेच धोक्याचे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि कुलर सुरू होतात. कुलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, म्हणून समोरची खिडकी उघडी हवी. सगळे लावून घेतले की दमट हवा आतच कोंडते, खोली थंडही होत नाही. ताट्या दरवर्षी बदलाव्यात. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, कारण डेंग्यूचा डास साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून तयार होतो.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि दमा असलेल्यांचा त्रास वाढतो. छताची गळती पावसाआधी बुजवावी, ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत, उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात. याच दिवसांत डासांची अगरबत्ती (कॉइल) रात्रभर जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका अगरबत्तीतून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणीतून मात्र कसलाच धूर निघत नाही, आणि ती वर्षानुवर्षे चालते.