रडव्या जोडीचा हसरा 'कोहिनूर'

दिलीपकुमार आमच्या गावचा, असे आमच्या देवळ्यातली भलीभली माणसे छातीठोकपणे सांगत. वास्तविक पेशावरहून आलेले फळांच्या व्यापाऱ्याचे ते कुटुंब राहिले नाशिकजवळच्या देवळालीला, आणि युसुफखान शिकला तिथल्या बार्न्स शाळेत. पण देवळा काय नि देवळाली काय, एका 'ली'पायी एवढा मोठा नट कोण हातचा सोडणार!

१९६३ च्या थंडीत गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला. त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण तापाने गेली होती. आई घरातले सगळे करी, पण मुक्याने. आजी दादांना म्हणाली, "अरे, तिला जरा माणसांत ने. सिनेमाला ने."

दादांनी जाहिरात पाहिली आणि कपाळाला हात लावला. नायक दिलीपकुमार, नायिका मीनाकुमारी! एकाचे रडणे आटोपते तोच दुसरीचे सुरू. "हिला रडवायला पैसे मोजायचे का?" ते म्हणाले. पण आजीपुढे कोणाचे चालते? आम्ही सगळे गेलो.

चित्रपट होता एस. यू. सनी यांचा, १९६० सालचा 'कोहिनूर'. राजघराणे म्हटले की कटकटी आल्याच. राजा वारलेला, दिवाणाच्या हाती कारभार आणि डोळा गादीवर. शेजारच्या राजगडची राजकन्या सुंदर, तर तिथला सेनापती लग्नाला उतावीळ. म्हणजे रडायला हवे तेवढे साहित्य तयार! पण हा राजपुत्र वेषांतरे करतो, गातो, टवाळी करतो. सतारीवरचे ते हमीर रागातले गाणे आले तेव्हा तंबूतले खोकणेसुद्धा थांबले. पडद्यावर बोटे खोटी दिसू नयेत म्हणून दिलीपकुमारने उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याकडे सतारीचे धडे घेतले होते, हे मला फार पुढे कळले.

हेही पुढेच कळले की, शोकांत भूमिका करून करून या नटाचे मन इतके खचले की, त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे जावे लागले. डॉक्टरांनी सांगितले, आता हलकेफुलके काही करा. मग १९५५ चा 'आझाद' आला, आणि नंतर हा. 'कोहिनूर'साठी त्याला फिल्मफेअरचे पारितोषिकही मिळाले. औषधाच्या गुणाबद्दल रोग्यालाच बक्षीस!

मग आला आरशाचा प्रसंग. सेनापती जीवन आरशात पाहतो, आणि समोर प्रतिबिंब म्हणून दिलीपकुमार त्याच्या हालचालींची हुबेहूब नक्कल करतो. ही युक्ती मार्क्स बंधूंनी १९३३ च्या 'डक सूप'मध्ये केलेली. आम्हाला कोण मार्क्स आणि कसले सूप! वाऱ्याने पडदा हलत होता, त्यामुळे सेनापती आणि त्याचे प्रतिबिंब दोघेही पोटातून वाकडे होत होते. नेमकी तेव्हाच रीळ तुटली. अंधार, शिट्ट्या, ओरडा. आणि त्या अंधारात बायकांच्या बाजूने एक हसणे ऐकू आले. ते थांबेचना. दादा ताठ होऊन बसले. मला ओळखायला थोडा वेळ लागला.

परतताना कंदील दादांच्या हाती होता. कोणी काही विचारले नाही. ओढ्यापाशी आईच आजीला म्हणाली, "सासूबाई, तो सेनापती किती हो वेडा!"

"त्याहून वेडा तुझा नवरा," आजी म्हणाली, "नको म्हणत होता यायला."