व्हीलचेअरचे पैसे कोणी द्यायचे?

२००२ साली लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून एक प्रवासी फ्रान्सला निघाला होता. त्याला सेरेब्रल पाल्सी होती, जोडीला संधिवात. चेक-इनच्या खिडकीपासून विमानापर्यंतचं अंतर पायी कापणं त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून त्याने व्हीलचेअर मागितली. ती मिळाली, पण जाताना १८ पौंड आणि येताना पुन्हा १८ पौंड मोजून. तो कोर्टात गेला. रायनएअर या विमान कंपनीचं म्हणणं, व्हीलचेअर पुरवणं हे विमानतळाचं काम. विमानतळाचं म्हणणं, प्रवासी कंपनीचा, तेव्हा खर्चही कंपनीचाच. २००४ च्या जानेवारीत कनिष्ठ न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने दोघांनाही जबाबदार धरलं.

२००६ साली युरोपियन युनियनने विमान प्रवासासाठी नियमावली केली आणि या वादाला जागाच ठेवली नाही. विमानतळावर आलेल्या अपंग प्रवाशाला विमानातल्या आसनापर्यंत पोहोचवणं हे काम विमानतळ चालवणाऱ्या संस्थेचं. त्याचा खर्च तिने विमान कंपन्यांकडून घ्यायचा, तोही प्रत्येक कंपनीच्या एकूण प्रवाशांच्या प्रमाणात. म्हणजे व्हीलचेअर मागणारे प्रवासी नेणाऱ्या कंपनीवर जास्त भार पडत नाही आणि त्यांना टाळून कुणाचा फायदाही होत नाही. खुद्द प्रवाशाकडून काहीही घ्यायचं नाही. त्याने ४८ तास आधी कळवावं अशी अपेक्षा आहे, पण कळवलं नसलं तरी शक्य तेवढी मदत करायचीच. २००८ च्या जुलैपासून ही नियमावली पूर्णपणे लागू झाली. वयामुळे चालायला त्रास होणारे लोकही तिच्यात येतात आणि प्रवासी कुठल्या देशाचा हे पाहिलं जात नाही. नातवंडांना भेटायला पुण्या-मुंबईहून निघालेल्या आजींना फ्रँकफर्टच्या विमानतळावर हक्काने व्हीलचेअर मिळते, ती या नियमावलीमुळे.

युरोपियन युनियनमध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारचं अपंगत्व असलेले सुमारे ८ कोटी ७० लाख लोक राहतात. त्यांना समाजात बरोबरीने सामावून घ्यावं याबद्दल तिथे भाषणांची कमतरता कधीच नव्हती. फरक पडला तो जिथे कायद्याने काम कुणाचं, खर्च कुणाचा आणि मुदत कोणती हे स्पष्ट लिहिलं तिथे. जिथे ते मोघम राहिलं, तिथे चांगले हेतूही वर्षानुवर्षं अडकून पडले.

१९९७ च्या ॲमस्टरडॅम करारापर्यंत युनियनला अपंगत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा करण्याचा अधिकारच नव्हता. तो मिळाल्यावर २००० सालच्या नोव्हेंबरात नोकरीतल्या समान वागणुकीचा कायदा आला. त्यातलं पाचवं कलम मोलाचं आहे. अपंग माणसाला काम करता यावं यासाठी मालकाने आवश्यक ते बदल करायचे: टेबलाची उंची, कामाच्या वेळा, कामाची वाटणी, प्रशिक्षण. हे बदल करणं मालकाला अवाजवी जड जात असेल तरच सुटका. म्हणजे ‘हा माणूस आमच्या कामाचा नाही’ एवढं म्हणून भागत नाही. त्याच्यासाठी काय करून पाहिलं, हे सांगावं लागतं.

पुढची वीसेक वर्षं लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या न्यायालयाने या कायद्याचा पैस वाढवत नेला. लंडनच्या एका वकिली फर्ममध्ये सचिव असलेल्या एका बाईंचा मुलगा जन्मापासून आजारी होता, त्याची बरीचशी देखभाल त्यांच्यावरच होती. इतर आईबापांना कामाच्या वेळेत जी सवलत मिळायची ती आपल्याला नाकारली गेली, वर आळशी म्हणून हिणवलं गेलं, अशी त्यांची तक्रार होती. त्या स्वतः अपंग नव्हत्या, मग अपंगांसाठीचा कायदा त्यांना लागू कसा? २००८ च्या जुलैमध्ये न्यायालयाने सांगितलं की लागू होतो. भेदभावाचं कारण अपंगत्व असेल, तर ते अपंगत्व कुणाच्या शरीरात आहे यावर संरक्षण अवलंबून नाही. अपंग मूल वाढवणाऱ्या घरात पहिली गदा बहुतेकदा आईच्या नोकरीवर येते. तिचा हा जाच कायद्याला दिसला, ही फार मोठी गोष्ट आहे.

२०१३ मध्ये डेन्मार्कच्या दोन कामगार स्त्रियांच्या प्रकरणात आणखी एक पाऊल पडलं. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारामुळे काम करण्यात अडथळा येत असेल तर तेही अपंगत्व धरलं जाऊ शकतं आणि कामाचे तास कमी करणं हाही मालकाने करायचा बदल असू शकतो, असं न्यायालय म्हणालं. सातच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने आजार आणि अपंगत्व यांच्यामध्ये पक्की रेघ मारली होती. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार आला होता. भारताने त्यावर २००७ मध्येच शिक्कामोर्तब केलं. युरोपियन युनियनला तो २०११ च्या जानेवारीपासून लागू झाला. मानवी हक्कांच्या करारात युनियन स्वतः सामील होण्याची ती पहिलीच वेळ होती. अपंगत्व शरीरातल्या उणिवेपुरतं नसतं, त्या उणिवेची बाहेरच्या अडथळ्यांशी गाठ पडते तेव्हा माणूस मागे राहतो, ही त्या कराराची भूमिका आहे. न्यायालयाने २०१३ चा निकाल देताना तिचाच आधार घेतला.

कायदे ब्रसेल्समध्ये होतात, पण रोजचं जगणं बदलण्याची खरी कर्तबगारी एकेका देशाने दाखवली आहे. त्यात स्वीडनची हकिकत सगळ्यांत आधी सांगायला हवी. आडॉल्फ रात्स्का हा बव्हेरियातला तरुण. सतराव्या वर्षी पोलिओ झाला आणि पुढची पाच वर्षं म्युनिकच्या रुग्णालयात गेली. घरी राहून सांभाळण्याची सोय नव्हती एवढ्याच कारणाने. तिथून तो लॉस एंजेलिसला शिकायला गेला. मदतनीस नेमण्यासाठी त्याच्या हातात पैसे दिले जात. कुणाला ठेवायचं, कधी बोलवायचं, काय शिकवायचं हे तो ठरवी. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तो इतरांसारखा राहिला. १९७३ मध्ये संशोधनासाठी तो स्टॉकहोमला आला. तिथे सोयी भरपूर होत्या, पण मदतीला कोण येणार आणि केव्हा येणार हे नगरपालिका ठरवायची.

रात्स्का आणि त्याच्या सोबत्यांनी १९८४ मध्ये स्टिल नावाची सहकारी संस्था काढली. सभासद सगळे मदतनिसांची गरज असलेले. त्यांची मागणी साधी होती: नगरपालिका आमच्यावर जो खर्च करते तो आमच्या हातात द्या, माणसं आम्ही नेमू. ज्याला सकाळी उठायलाही दुसऱ्याचा हात लागतो तो मालक म्हणून काम कसं पाहणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली. संस्थेने आपल्या सभासदांना तेच शिकवलं: माणूस निवडायचा कसा, पाळ्या लावायच्या कशा, पगारपत्रक ठेवायचं कसं. १९९४ च्या जानेवारीपासून स्वीडनमध्ये हा कायदेशीर हक्क झाला. मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांहून जास्त मदत लागत असेल तर सरकारी विमा संस्था पैसे देते. ते नगरपालिकेकडून सेवा घेण्यासाठी वापरायचे, सहकारी संस्थेला द्यायचे की स्वतःच मदतनीस नोकरीवर ठेवायचे, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

ज्याला आंघोळ कुणी घालावी हे निवडता येतं, त्याला घराबाहेर पडून नोकरी करता येते, लग्न करता येतं, मुलं वाढवता येतात. स्वीडनमध्ये हे हजारोंच्या बाबतीत घडलं. पण मूलभूत गरज कशाला म्हणायचं याचा अर्थ पुढे न्यायालयांनी आणि विमा संस्थेने आकसत नेला. काहींचे तास कापले गेले, काहींचा हक्कच गेला. खर्चाचा भार हा तिथल्या राजकारणातला तापलेला विषय आहे.

इटलीने शाळेपासून सुरुवात केली. १९७७ च्या कायद्याने अपंग मुलांसाठीचे वेगळे वर्ग बंद केले आणि ही मुलं गावातल्या साध्या शाळेत, शेजारच्या मुलांच्या बाकावर आली. वर्गात एक साहाय्यक शिक्षक वाढवला. तो एका मुलाचा नसून संपूर्ण वर्गाचा शिक्षक आहे, हा नियम फार विचारपूर्वक केलेला होता. आज इटलीत साहाय्यक शिक्षक दरवर्षी बदलतात, अनेकांना या कामाचं खास प्रशिक्षण नसतं, अशा तक्रारी पालक सतत करतात. तरी तिथल्या दोन पिढ्या अपंग वर्गमित्र असणं ही रोजची गोष्ट मानून वाढल्या. जर्मनीत मात्र अशी निम्म्याहून जास्त मुलं अजूनही वेगळ्या शाळांत जातात.

फ्रान्सचा अनुभव उलट्या बाजूने शिकवणारा आहे. २००५ च्या कायद्याने सगळ्या सार्वजनिक जागा दहा वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा करायचं ठरवलं. २०१५ उजाडलं तेव्हा काम अर्धवटच होतं. सरकारने आधीच्याच वर्षी मुदती वाढवून दिल्या होत्या. पॅरिसच्या जुन्या भुयारी मेट्रोला तर त्या मुदतीतून वगळलेलंच होतं. त्यामुळे २०२४ मध्ये पॅरिसला पॅरालिंपिक भरलं तेव्हा १९०० पासून धावणाऱ्या त्या मेट्रोची एकच मार्गिका, क्रमांक १४ ची, पूर्णपणे व्हीलचेअरच्या आवाक्यात होती. जगातले उत्तमोत्तम अपंग खेळाडू ज्या शहरात पदकं घेत होते, तिथल्या अपंग नागरिकाला बहुतेक स्थानकांच्या जिन्यावरून परत फिरावं लागत होतं.

नोकऱ्यांच्या बाबतीत बऱ्याच देशांनी राखीव वाटा ठरवला आहे. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाने जर्मनीत ५ टक्के आणि फ्रान्समध्ये ६ टक्के अपंग कर्मचारी ठेवायचे, नाहीतर निधीत पैसे भरायचे. पुष्कळ मालक पैसे भरून मोकळे होतात. युनियनच्या २०२१ च्या धोरणपत्रानुसार कामाच्या वयातल्या अपंगांपैकी जेमतेम निम्मे नोकरीत आहेत. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण चारात तीन आहे.

नोकरी आणि शाळा दूरच, ज्यांना दाराबाहेरही पडता येत नाही अशांची गोष्ट बल्गेरियातून आली. एका माणसाला त्याच्या कायदेशीर पालकाने, त्याला न विचारता, डोंगरातल्या पास्त्रा नावाच्या गावातल्या संस्थेत ठेवलं. पालक बदलून मागायचा किंवा आपण सुज्ञ आहोत हे न्यायालयाला पटवायचं, तर त्यासाठीही त्या पालकाचीच संमती लागायची. २०१२ च्या जानेवारीत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ही बेकायदा कैद ठरवली आणि तिथल्या राहणीमानाला अपमानास्पद वागणूक म्हटलं. हे न्यायालय युरोपियन युनियनचं नाही, त्याहून मोठ्या कौन्सिल ऑफ युरोपचं आहे. पालकत्वाखालच्या माणसाच्या मताधिकाराचीही तीच कथा होती. स्पेनने २०१८ च्या अखेरीस, फ्रान्स आणि जर्मनीने २०१९ मध्ये तो परत दिला. त्याआधी बौद्धिक अपंगत्व असलेली लाखो प्रौढ माणसं या प्रगत लोकशाह्यांमध्ये मतदार नव्हती.

सर्वांत ताजा मोठा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. संगणक, स्मार्टफोन, एटीएम, तिकिटांची यंत्रं, ई-पुस्तकं, बँकेच्या सेवा, ऑनलाइन दुकानं आणि ११२ हा तातडीचा क्रमांक अंध, बहिऱ्या आणि इतर अपंगांना वापरता येईल असा हवा, असं तो सांगतो. वस्तू कुठे बनली याला महत्त्व नाही. युरोपात विकायची तर नियम पाळायचा. त्यामुळे तिथल्या ग्राहकांसाठी ॲप आणि संकेतस्थळं बनवणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांनाही या कायद्याची दखल घ्यावी लागते. सवलती मात्र सढळ आहेत. दहाहून कमी माणसांच्या छोट्या सेवा-व्यवसायांना सूट आहे आणि आधी बसवलेली यंत्रं काही देशांत वीस वर्षांपर्यंत चालू शकतात. आज तिशीत असलेल्या एखाद्या अंध माणसाला न बोलणारं एटीएम पन्नाशीपर्यंत भेटत राहू शकतं.

दुकान, घर, दवाखाना, शिक्षण अशा नोकरीबाहेरच्या सगळ्या व्यवहारांत भेदभावाला बंदी घालणारा मसुदा २००८ च्या जुलैमध्ये मांडला गेला. त्याला सर्व सदस्य देशांचं एकमत लागतं आणि ते काही होईना. सहमती झाली ती २०२४ च्या अपंगत्व कार्डावर. २०१६ मध्ये बेल्जियम, इटली, फिनलंड यांच्यासह आठ देशांत त्याचा प्रयोग झाला होता. जून २०२८ पासून एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात चालेल. संग्रहालयातली सवलत, सोबत्याचं मोफत तिकीट, राखीव आसन जसं तिथल्या अपंगांना तसंच पाहुण्यालाही मिळेल. युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनांत गेलेल्यांना दीर्घ मुक्कामातही ते वापरता येईल. नोकरीसाठी कायमचं दुसऱ्या देशात जाणाऱ्याला मात्र या कार्डाने निवृत्तिवेतन किंवा मदतनीस मिळत नाही. लिस्बनहून बर्लिनला राहायला गेलेल्या माणसाने आपलं अपंगत्व तिथल्या डॉक्टरांपुढे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं आणि निकाल लागेपर्यंत मदतीचा खर्च स्वतःच करायचा.