एकच पुतळा दोनदा

पुतळा म्हटला की आपल्याला घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आठवतात. पण जपानमध्ये टोकियो शहरात शिबुया नावाचे स्टेशन आहे. त्याच्या बाहेर चक्क कुत्र्याचा पुतळा आहे! गुरुजींनी सांगितले तेव्हा आधी आम्ही हसलोच.

कुत्र्याचे नाव हाचिको. त्याचे मालक उएनो हे शेतकी विषयाचे प्राध्यापक. हाचिको त्यांना आणायला स्टेशनवर जाई. १९२५ साली प्राध्यापक कामावर असतानाच अचानक वारले. हाचिकोला हे कोण समजावणार? तो पुढे जवळजवळ दहा वर्षे स्टेशनवर येऊन वाट बघत राहिला.

तेरू आंदो या शिल्पकाराने त्याचा पुतळा केला. असा पुतळा करताना आधी मातीत आकार घडवतात. त्यावरून साचा काढतात आणि साच्यात वितळलेले कासे ओततात. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. पुतळा आतून पोकळ असतो, म्हणून धातू कमी लागतो. एप्रिल १९३४ मध्ये पुतळा उघडला, तेव्हा खुद्द हाचिको तिथे हजर होता! पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तो मेला.

पण ओतलेले कासे पुन्हा वितळवताही येते. दुसऱ्या महायुद्धात जपानला धातू कमी पडू लागला. सरकारने देवळांतल्या घंटा नेल्या, पुतळे नेले. १९४४ साली हाचिकोही गेला. मे १९४५ मध्ये टोकियोवर विमानांतून बाँब पडले, त्यात तेरू आंदोही मरण पावले. पुतळा नाही आणि करणाराही नाही.

त्यांचा मुलगा ताकेशी हाही शिल्पकार होता. युद्ध संपल्यावर त्याने हाचिको पुन्हा घडवला. ऑगस्ट १९४८ मध्ये तो स्टेशनबाहेर बसवला. आज दिसतो तो हाच.

माझे वडील सुतारकाम करतात. आजोबांनी केलेला पाट मोडला, तेव्हा त्यांनी अगदी तसाच दुसरा केला. करताना ते कोणाशी बोलत नव्हते. ताकेशीचेही तसेच झाले असेल, असे मला वाटते.

हाचिकोचा डावा कान म्हातारपणी खाली पडला होता. पुतळ्याचाही डावा कान तसाच पडलेला आहे. लोक एकमेकांना सांगतात, “हाचिकोजवळ भेटू.” मग तिथे उभे राहून आपल्या माणसाची वाट बघतात.